गेममधली टाकसाळ कुणाची?

गेल्या अंकात याच पानावर गेममधल्या नाण्यांबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं खेळण्यापेक्षा पैशांबद्दलच जास्त आहेत, म्हणून या वेळचं पान त्यांनाच. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच: पुण्यातल्या एका स्टुडिओत मी मोबाइल गेमची अर्थव्यवस्था बांधते. खेळाडूच्या हाती नाणी किती पडावीत, ती कुठे खर्च व्हावीत, दुकानात कोणत्या दिवशी कोणती वस्तू कितीला दिसावी, हे माझ्यासारखी माणसं एक्सेलच्या पानांवर ठरवतात. तेव्हा ही उत्तरं गल्ल्यामागे बसणाऱ्या बाईची आहेत असं समजा.

मुलगा सातवीत आहे. यांच्या फोनवर बॅटल रॉयल गेम खेळतो. बँकेचं स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं, महिन्याभरात १८,६०० रुपये गेलेत. यूपीआयचा पिन यांनीच त्याला सांगितला होता, दूध-किराणा आणायला. विचारलं तर म्हणतो, "एवढे झाले ते मला कळलंच नाही." यांनी मारलं त्याला. तो खरं बोलतोय का, आणि पैसे परत मिळतील का?
— एक आई, इचलकरंजी

ताई, तो बहुतेक खरंच बोलतोय. त्याची बाजू घ्यायची म्हणून हे म्हणत नाही. किती गेले ते कळू नये अशीच ती मांडणी असते, आणि ती कशी करायची हे आमच्या धंद्यात शिकवलं जातं.

पहिली गोष्ट, रुपये देऊन थेट वस्तू मिळत नाही. आधी हिरे किंवा नाणी घ्यायची, मग त्यांनी वस्तू. हिरे हातात आले की डोक्यातलं रुपयांचं गणित तिथेच तुटतं. दुसरी, पाकिटांचे आकडे. समजा पोशाख ६० हिऱ्यांचा आहे, तर पाकिटं ५० ची आणि ११० ची ठेवतात. मुलगा ११० घेतो, ५० उरतात, आणि पुढच्या पोशाखाला नेमके १० कमी पडतात. तिसरी, पहिली खरेदी अगदी थोडक्या पैशांत आणि माल भरपूर. ज्याने एकदा पैसे भरले तो दुसऱ्यांदा भरायला फारसा कचरत नाही. वर उलटं धावणारं घड्याळ: ऑफर संपायला दोन तास, एक तास, दहा मिनिटं.

आणि स्पिन, म्हणजे हिरे देऊन फिरवायचं सोडतीचं चक्र. तुमच्या १८,६०० मधला मोठा हिस्सा तिथेच गेला असणार. बंदुकीची स्किन, म्हणजे तिच्यावर चढवायचं रंगीत रूप, मिळण्याची शक्यता एक टक्का असेल, तर शंभर स्पिन केले की ती मिळणारच असं सातवीतल्या मुलाला वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. प्रत्यक्षात शंभर जणांनी प्रत्येकी शंभर स्पिन केले तर साधारण ३७ जणांच्या हाती काहीच येत नाही. प्रत्येक स्पिन नव्याने सुरू होतो, मागचे नव्याण्णव तो मोजत नाही. काही गेम ठरावीक स्पिननंतर हमी देतात. मग "इतके घातलेत, आता थोडेच राहिलेत" या एका विचाराने पोरं शेवटपर्यंत जातात.

हे फक्त आपल्याच घरात घडतं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सशी ५२ कोटी डॉलरचा समझोता जाहीर केला. त्यातले २४.५ कोटी डॉलर नको असलेल्या खरेद्यांचे होते. आयोगाची तक्रार काय होती ते वाचण्यासारखं आहे. झोपलेला गेम जागा करताना, लोडिंग चालू असताना, किंवा वस्तू नुसती बघायची म्हणून शेजारचं बटण दाबलं गेलं, तरी पैसे कापले जात. मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय खरेदी करता येत होती, ती वेगळीच.

आता पैशांचं. गूगल प्लेवर झालेली खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर तिथेच परतावा मागता येतो, म्हणून हाताशी असलेल्या अगदी ताज्या खरेद्यांचा अर्ज आधी करा. जुन्या खरेद्यांसाठी गेम कंपनीच्या सपोर्टला लिहा. ईमेलवर आलेल्या पावतीतला ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम आणि मुलाचं वय, सगळं एका तक्त्यात द्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नसते, हे वाक्यही टाका. सगळे पैसे येतील असं मी म्हणणार नाही, पण नीट मांडलेल्या अर्जाला काही प्रमाणात तरी परतावा मिळालेला मी पाहिला आहे. बँकेकडून फार अपेक्षा ठेवू नका, कारण पिन टाकून झालेला व्यवहार ती तुमचाच धरते. शिवाय परतावा झाला की गेममधलं खातं बंद पडू शकतं. ते मुलाला आधीच सांगा, नाहीतर त्याला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल.

पिन आजच बदला, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय चालू करा. दुधाला रोख पैसे द्या.

मार झाला तो झाला. आता त्याच्याशेजारी बसा आणि त्याची इन्व्हेंटरी, म्हणजे गेममध्ये जमवलेल्या वस्तूंची यादी, दाखवायला सांगा. काय घेतलं, कधी घेतलं, प्रत्येक वस्तूपुढे रुपये त्यालाच लिहू द्या. त्यात मित्रांना दिलेल्या भेटी आहेत का, ते मुद्दाम बघा. खेळ सुरू होण्याआधी सगळे जमतात त्या लॉबीत फुकटच्या कपड्यांत उभ्या राहिलेल्या मुलाला बाकीचे "नूब" (नवशिका), "बॉट" (यंत्राने चालवलेला खेळाडू) म्हणतात, स्क्वॉडमध्ये, म्हणजे आपल्या संघात, घेत नाहीत. आपल्याला घ्यावं म्हणून त्याने हे पैसे घातले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर पिन बदलून ती गरज जाणार नाही. त्याचे चार मित्र एखाद्या रविवारी घरी बोलवा.

मी बँकेतून निवृत्त झालो. नातू सांगतो की त्याच्या गेममध्ये महागाई वाढली आहे. गेममध्ये महागाई कशी होईल? आणि होत असेल तर तिथली रिझर्व्ह बँक कोण?
— एक आजोबा, डोंबिवली

काका, नातू अगदी बरोबर सांगतो. गेममध्ये राक्षस मारला की नाणी पडतात. ती कुणाच्या खिशातून आलेली नसतात, त्या क्षणी नवी तयार होतात. म्हणजे खेळणारा प्रत्येक जण चलन छापतच असतो. येणाऱ्या पैशाच्या वाटेला आम्ही नळ म्हणतो, आणि पैसा जिथे कायमचा नाहीसा होतो तिला मोरी: तलवारीची दुरुस्ती, बाजारातली दलाली, घराचं भाडं. नळ मोठा आणि मोरी लहान झाली की भाव चढतात. माझा बराचसा दिवस या दोन आकड्यांतली तफावत बघण्यात जातो.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मनावर घेतलं त्याला दोन तपं होऊन गेली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये एव्हरक्वेस्ट या गेममधल्या नोराथ नावाच्या जगाचा हिशेब मांडला. तिथली नाणी आणि वस्तू लोक लिलावाच्या साइटवर खऱ्या डॉलरला विकत होते. त्या भावांवरून त्यांनी नोराथचं दरडोई उत्पन्न काढलं, ते २,२६६ डॉलर आलं, रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान.

तुम्हाला सर्वांत आवडेल तो आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन. २००३ पासून चालू आहे. अंतराळातली जहाजं, त्यांचे सुटे भाग, दारूगोळा, जवळजवळ सगळं खेळाडूच खाणीतून काढतात, बनवतात, विकतात. २००७ मध्ये कंपनीने एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं. पुढे ते अकुरेयरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. कंपनी दर महिन्याचा आर्थिक अहवाल जाहीर करते. किती चलन तयार झालं, किती नष्ट झालं, कोणत्या प्रदेशात किती उत्पादन, सगळं त्यात असतं. नातवाकडून तो काढून घ्या, तुमच्या ओळखीची भाषा आहे. २७ जानेवारी २०१४ ला याच गेममध्ये एक लढाई पेटली ती २१ तास चालली. सुरुवात कशावरून, तर एका सूर्यमालेवरच्या ताब्याचा हप्ता भरला गेला नाही आणि ती उघडी पडली. ७५ टायटन, म्हणजे त्या जगातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली. खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज ३ लाख डॉलरच्या घरात गेला. एकेक टायटन बांधायला शेकडो माणसांचे महिने लागलेले असतात, आणि ते गेल्यावर माणसं खरोखरीच्या दुःखाने बोलतात. मला ते दुःख खोटं वाटत नाही.

व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली कित्येक तरुण मुलं रूनस्केप या जुन्या गेममध्ये ड्रॅगन मारून मिळणारं सोनं विकून घर चालवत होती. त्यांच्या देशाच्या बोलिव्हारपेक्षा गेममधलं सोनं जास्त भरवशाचं होतं.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, ते आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. ब्लिझार्ड कंपनीने २०१२ मध्ये डायब्लो ३ या गेममध्ये खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं. राक्षस मारून चांगली तलवार मिळवणं हाच त्या गेमचा जीव, आणि ती तलवार आता काही डॉलर टाकून मिळू लागली. लोक खेळायचे कमी आणि भाव बघायचे जास्त. १८ मार्च २०१४ ला कंपनीने ते लिलावघर कायमचं बंद केलं. पैसे येत असताना बंद केलं, याचं मला आजही कौतुक आहे.

राहिली रिझर्व्ह बँक. ती कंपनीच. टाकसाळ तिची, घाऊक दुकान तिचं, कर तिचा, आणि वाद झाला तर निवाडाही तीच करते. कोणत्याही देशाच्या बँकेला मिळत नाही इतकी माहिती तिच्याजवळ असते: कोणी, कधी, कोणाला, काय, कितीला दिलं, एकूण एक व्यवहार. वॉल्व्ह कंपनीने २०१२ मध्ये आपल्या गेममधले बाजार अभ्यासायला यानिस वरुफाकिस यांना घेतलं होतं, जे २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. असा प्रयोगाचा माळ अर्थशास्त्रज्ञाला दुसरीकडे कुठे मिळणार! पण खेळाडूच्या हातात काय असतं? अटींत लिहिलेलं असतं की नाणी आणि वस्तू तुमच्या मालकीच्या नाहीत, वापरण्याचा परवाना तेवढा आहे. तुम्ही ज्याला ठेव म्हणाल तसं तिथे काही नसतंच.

काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. माझ्याकडे सुमारे ४० हजारांच्या स्किन आहेत. डिस्कॉर्डवर एक जण स्टीमच्या बाजारापेक्षा जास्त भाव द्यायला तयार आहे, यूपीआयने. विकू? की गुंतवणूक म्हणून ठेवू? मित्र म्हणतो एफडीपेक्षा बरं.
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

या माणसाला विकू नकोस. दोन कारणं, आणि दुसरं जास्त गंभीर आहे. (बाकीच्या वाचकांसाठी: काउंटर-स्ट्राइक हा वॉल्व्हचा बंदुकांचा गेम, स्टीम हे वॉल्व्हचंच ऑनलाइन दुकान, आणि डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप.)

पहिलं तुला माहीत असेल. "भाव तपासायला" तो एखादी लिंक पाठवतो, तिथे स्टीमसारखंच दिसणारं लॉगिन असतं, आणि तुझं खातं त्याच्या हाती जातं. दुसरं कमी जणांना माहीत असतं. पैसे खरोखर येतात, पण ते कुणाला तरी फसवून काढलेले असतात. ज्याला फसवलं त्याने सायबर पोलिसांत तक्रार केली की पैशांचा माग तुझ्या खात्यापर्यंत येतो आणि खातं गोठवलं जातं. कधी कधी दुसऱ्या राज्यातल्या पोलिस ठाण्याच्या पत्रावरून गोठतं. मग कॉलेजची फी त्या खात्यात अडकलेली असताना तू "स्किन विकली होती" हे परक्या शहरातल्या अधिकाऱ्याला समजावत बसणार. मी घाबरवत नाही. वॉल्व्हनेच ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्या पेट्यांतून स्किन निघतात त्या उघडायच्या, नव्याने विकत घेतलेल्या चाव्यांची देवाणघेवाण बंद केली, आणि सांगितलं की बाजारात फिरणाऱ्या जवळपास सगळ्या चाव्या फसवणुकीच्या पैशांतून आल्याचं त्यांना दिसतंय.

मित्राच्या एफडीबद्दल. स्टीमच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूवर एकूण १५ टक्के कापले जातात आणि ते विक्रेत्याच्या भावावर चढतात. घेणाऱ्याने १०० रुपये दिले तर तुझ्या वॉलेटमध्ये साधारण ८७ येतात. वॉलेटमधून ते बँकेत काढता येत नाहीत, पुन्हा स्टीमवरच खर्चायचे. म्हणजे तुझे "४० हजार" तुला तसेच्या तसे कधीच मिळणार नाहीत.

आणि पुरवठा कुणाच्या हातात आहे ते बघ. ऑगस्ट २०१३ मध्ये वॉल्व्हने स्किन आणल्या. चाकू दुर्मिळ म्हणून महाग, असं बारा वर्षं लोक धरून चालले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अपडेटमध्ये पाच लाल, म्हणजे वरच्या दर्जाच्या, स्किन देऊन त्या बदल्यात चाकू किंवा ग्लोव्ह (हातमोजे) घेण्याची सोय आली. एका दिवसात चाकूंचे भाव कोसळले आणि लाल स्किनचे चढले. कुणी चोरी केली नाही, कुणी नियम मोडला नाही. ज्याची टाकसाळ त्याने साचा बदलला. याच कंपनीच्या टीम फोर्ट्रेस २ मध्ये जुलै २०१९ ला काही जुन्या पेट्यांतून प्रत्येक वेळी दुर्मिळ टोपीच निघू लागली, ती निव्वळ एका बगमुळे, आणि टोप्यांचा बाजार काही तासांत पडला.

स्किन आवडत असेल तर ठेव, वापर, मॅचमध्ये मिरव. मी स्वतः एका निळ्या एके-४७ वर जीव टाकते, तिची किंमत नगण्य आहे आणि तिचा रंग मला फार आवडतो. बचत मात्र जिथून ती काढता येते तिथेच कर. आणि आधीच काही फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन कर. पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येतात.

दहा वर्षांच्या मुलीसाठी प्लेस्टेशन ५ घ्यायचा विचार आहे. डिस्कवाला घ्यावा की डिजिटल? डिजिटल स्वस्त पडतो.
— एक वडील, छत्रपती संभाजीनगर

डिस्कवाला. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना होता. तेव्हापासून किमती हलल्या, पण हिशेब तोच. मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ पर्यंत जाते, म्हणजे दोन गेम विकत घेण्याऐवजी बदलून मिळाले की तो फरक उरत नाही. डिस्क विकता येते, मैत्रिणीशी बदलता येते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी घेता येते. डिजिटल गेम ज्या खात्यावर घेतला तिथेच राहतो.

डिस्क असली म्हणजे गेम कायमचा आपला, असं मात्र धरू नका. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम सतत सर्व्हरला जोडलेला लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या कपाटातल्या डिस्कही निकामी झाल्या. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली, आणि विकलेले गेम असे मारू नका या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. मी मनापासून त्यांच्या बाजूची आहे.

मुलीसाठी घेताना दुसरा कंट्रोलर घ्या आणि तुम्ही सोबत खेळा. ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम मशीनमध्येच फुकट येतो, सुरुवातीला तोच पुरे. विकत घेतलेले गेम इंटरनेटवर इतरांशी खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. तिला या वयात त्याची गरज नाही.

ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी आणली ना? मग पुतण्या दिवसभर खेळतो ते बेकायदा आहे का?
— एक वाचक, बीड

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. पैशांची रमी, पोकर, फँटसी टीम हे त्यात येतं. शिक्षा अशी सेवा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला नाही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, याच कायद्याने मान्यता दिली आहे.

स्किनच्या पेट्या आणि स्पिन यांचा प्रश्न वेगळा. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे भरून उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. चीनमध्ये २०१७ पासून पेटीत काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करावं लागतं, आणि त्याच वर्षीच्या अखेरीस ॲपलनेही आपल्या स्टोअरसाठी तो नियम केला. आपल्याकडे प्रत्येक पेटीवर ही शक्यता मराठीत, मोठ्या अक्षरांत, रुपयांतल्या सरासरी खर्चासकट लिहिणं सक्तीचं व्हायला हवं. तो आकडा आमच्या एक्सेलमध्ये तयारच असतो, छापायला एक दिवसही लागणार नाही.

पुतण्या दिवसभर खेळतो, त्याचा कायद्याशी संबंध नाही. तो झोपतो का, जेवतो का, शाळेत जातो का, आधी आवडायचं ते आता टाकून दिलंय का, एवढं बघा. यातलं बरंच काही महिनोन् महिने बिघडलेलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.

मी बारावीत आहे. स्क्वॉडमध्ये मी चांगली खेळते, बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकते. पण माइक चालू केला आणि मुलगी आहे हे कळलं की घाण बोलायला लागतात, नाहीतर नंबर मागतात. आता आवाज बदलणारं ॲप वापरावं असं वाटतंय. हे चूक आहे का?
— रत्नागिरी

चूक तुझी कुठेच नाही. ॲप वापरायचं असेल तर वापर, आणि नसेल तर माइक बंद ठेवून पिंगवर, म्हणजे बोलण्याऐवजी गेममधल्या खुणांनी, खेळ. त्या लोकांपुढे काही सिद्ध करायची तुझ्यावर जबाबदारी नाही.

पण तुझ्या पत्रातलं पहिलं वाक्य मी परत परत वाचलं: तू शेवटपर्यंत टिकतेस. शत्रू कुठून येतोय हे तू आधी ओळखत असणार, आणि ते सांगायला आवाज लागतो. तो तू दाबून ठेवावास हे मला फार लागतं. म्हणून अनोळखी स्क्वॉड सोडून दे. तुझ्यासारख्या तीन मुली शोध. कॉलेजात असतील, मावसबहीण असेल, डिस्कॉर्डवर मुलींचे गट आहेत. ओळखीच्या चार आवाजांत खेळताना बोलण्याची जी सवय लागते ती पुढे कुठेही उपयोगी पडते. व्हॅलोरंट या गेमसाठी २०२१ पासून गेम चेंजर्स नावाच्या स्पर्धा खास स्त्रिया आणि इतर वंचित लिंगांच्या खेळाडूंसाठी भरतात. त्यांची चित्रफीत लाव आणि संघाची कप्तान कशी बोलते ते ऐक. थोडक्यात, भराभर, एकदाही माफी न मागता.

कुणी घाण बोललं तर आधी म्यूट, मग मॅच चालू असतानाच किंवा संपल्या संपल्या रिपोर्ट. वादात उत्तर देऊ नकोस, कारण उलट रिपोर्ट झाला तर यंत्राला दोघंही सारखेच दिसतात. रिपोर्ट वाया जातात असं मुलींना वाटतं. एखादा वाया जातोही. पण एकाच खात्याविरुद्ध वेगवेगळ्या लोकांचे रिपोर्ट साठले की ते खातं वर येतं, आणि तुझा रिपोर्ट त्या ढिगात लागतो. शिवाय नवीन खेळाडू पहिल्या आठवड्यात गेम का सोडतात याची कारणं प्रत्येक स्टुडिओ शोधतो. मुली याच कारणाने सोडतात हे बैठकीत आकड्यांनिशी मांडायला तुझ्यासारख्यांचे रिपोर्ट उपयोगी पडतात. ते मांडणाऱ्यांत मी आहे.

नंबर मागणाऱ्याला तुझं खरं नाव, गाव, कॉलेज यातलं काहीही कळू देऊ नकोस. प्रोफाइलमधून इन्स्टाची लिंक आजच काढ.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग येत नाही. तुमच्यासारखं काम मिळेल का?
— सोलापूर

मिळेल. या कामाला हिशेबाची नजर लागते, आणि ती तुला शिकवली जातेच आहे. मराठी मुलाला आता यासाठी लांब जायलाही नको. राजी हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने बनवला, इंडस बॅटल रॉयल बनवणारं सुपरगेमिंगही पुण्याचंच. स्प्रेडशीट पक्की कर, संभाव्यता नीट शीक, थोडं एसक्यूएल, म्हणजे माहितीच्या साठ्यातून हवं ते काढायची भाषा. ईव्हचे मासिक अहवाल वाच. तू रोज खेळतोस त्या गेमचे नळ आणि मोऱ्या एका पानावर मांड. कशातून किती नाणी येतात, कुठे जातात, आठवड्याला शिल्लक किती, हे सगळं स्वतः खेळून मोजलेलं हवं.

आणि एक गणित कर. पेटी ४० रुपयांची. सहा बिल्ल्यांचा संच, पेटीतून त्यातला एक निघतो, सहाही बिल्ल्यांची शक्यता सारखी. संच पुरा व्हायला सरासरी किती खर्च येईल? आधी अंदाज लिहून ठेव, मग मांड. १४.७ पेट्या येतात, म्हणजे ५८८ रुपये, आणि त्यातल्या सरासरी सहा पेट्या फक्त शेवटच्या बिल्ल्यापायी जातात. असा संच पुरा केला की मोठं बक्षीस, या पद्धतीला जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०१२ मध्ये बेकायदा ठरवलं. आता बिल्ले आठ केले तर काय होईल, एक बिल्ला बाकीच्यांच्या निम्म्याने निघणारा केला तर काय होईल, तेही काढ. हे पान आणि नळ-मोऱ्यांचं पान अर्जाला जोड. मुलाखतीला बसते तेव्हा गुणपत्रिकेआधी मी तीच उघडते.